दादाच्या वहीतला कांदा

महाळुंगे पडवळला टंचाई म्हटलं की पाण्याची आठवते, विजेची आठवते, हल्ली बिबट्यामुळे रात्री दार उघडणाऱ्या माणसांचीही आठवते. आकड्यांची टंचाई मात्र आमच्याकडे कधीच नव्हती. सकाळ-संध्याकाळ डेअरीची पावती, मंचरच्या बाजार समितीतली कांद्याची पट्टी, सोसायटीचं व्याज, भीमाशंकर कारखान्याला गेलेल्या उसाचं टनेज, डिंभ्याच्या धरणातला टक्का, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात गॅसचं सिलिंडर लावल्याची तारीख. हे सगळे आकडे वर्षानुवर्षं गुण्यागोविंदानं नांदत होते, कारण त्यांची एकमेकांशी गाठ कुणी घालून दिली नव्हती. कांद्याच्या पट्टीला डिझेलची पावती कधी भेटली नाही, म्हणून तर आम्ही अजून कांदा लावतो.

ती गाठ घातली माझ्या पुतण्यानं. तो पुण्याला फिजिक्स शिकतो. या नादाचं मूळ खोडदला आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पलीकडे, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आभाळाकडे तोंड करून बसल्या आहेत: चौदा मध्यभागी दाटीवाटीनं, उरलेल्या सोळा तीन दिशांना पांगलेल्या, सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा. गोविंद स्वरूप यांनी पोलादी तारा ताणून, त्यावर जाळी बसवून, कमी खर्चात ही रेडिओ दुर्बीण उभी केली आणि २००१ साली ती रीतसर जगाच्या स्वाधीन झाली. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथं जत्राच भरते. आसपासच्या शाळा गाड्या भरभरून जातात. त्याची शाळा गेली तेव्हा बाकीची पोरं वडापावच्या गाडीपाशी रेंगाळली, हा एका पडद्यापुढे उभा राहिला. पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ होती. कशाची म्हणून विचारलं, तर कुणीतरी सांगितलं, मेलेल्या ताऱ्याच्या स्पंदनांची. मेलेल्याची नाडी लागते, मग आपल्या जित्या गाईच्या दुधाची का लागू नये, हे त्याच्या डोक्यात तेव्हाच शिरलं असावं.

मागच्या दिवाळीत त्यानं घरातल्या लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम घातला. त्याचं नाव ग्नूप्लॉट. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आकड्यांचे रकाने टंकायचे आणि त्याला सांगायचं: ही फाइल घे, पहिला रकाना आडवा धर, दुसरा उभा धर, रेघ मार. ‘प्लॉट’, फाइलचं नाव, ‘यूझिंग १:२’, ‘विथ लाइन्स’. संपलं. उघडल्यावर दिसते एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी एक खूण. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, ‘मी आपली काय मदत करू’ असं विचारणारी बाई नाही. आमच्या आईनं पडद्याकडे बराच वेळ बघून विचारलं, “बंद पडलं का रं?” ते चालू होतं. चालू आणि बंद यांत त्याच्या चेहऱ्यावर काही फरकच दिसत नाही.

त्याची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. १९८६ साली अमेरिकेत थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली या दोन विद्यार्थ्यांनी ते लिहिलं. एकाला अवकल समीकरणं भेडसावत होती, दुसऱ्याला विद्युतचुंबकत्व. दोघांना वाटलं, ही भुतं डोळ्यांना दिसली तर भीती जरा कमी होईल. म्हणजे मूळ प्रोग्रॅम सूत्रांच्या रेघा काढण्यापुरता. फाइलमधले आकडे मांडायची सोय मागाहून, लोकांना प्रोग्रॅम आवडला म्हणून, जोडलेली. आणि ती लंगडी होती हे खुद्द विल्यम्स यांनीच सांगून ठेवलं आहे. आता जगातली निम्मी प्रयोगशाळा त्या लंगड्या सोयीच्या पाठीवर बसून पीएचडीला जाते, हा भाग वेगळा.

पारावर ही बातमी पोचली तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो या गावालाच सुचू शकतो. हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीपुढे हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार उभा राहिला, हटला नाही, आणि जिवाला मुकला. तेव्हा परदेशी वस्तू गावात आली की चौकशी ही होतेच, निदान बारा डिसेंबरच्या आसपास तरी होते. (चिनी मोबाइलची होत नाही. चौकशी त्याच्यावरूनच करायची असते.)

“अमेरिकेचा हाय म्हणतो. मग पैसं किती घेतलं?”

“फुकट आहे आबा.”

“फुकाट?”

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त संशयानं भरलेला होता. फुकट बियाणं, फुकट आरोग्य शिबिर आणि फुकट देवदर्शन यांच्या पाठोपाठ काय येतं, हे आम्हाला पाठ आहे. पुतण्यानं समजावलं, की नुसतं फुकट नाही, आतला सगळा कोड उघडा ठेवलाय, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. आबांनी तंबाखू मळत निकाल दिला, “मंग त्यात चोरण्याजोगं काय नसंल.”

त्यावर पुतण्यानं पार आलेखांच्या जनकापर्यंत मजल मारली. विल्यम प्लेफेअर नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १७८६ साली, म्हणजे ग्नूप्लॉटच्या बरोबर दोनशे वर्षं आधी, इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आकडे पहिल्यांदा रेघांनी काढून दाखवले. पुढे तोच प्लेफेअर कर्जापायी तुरुंगात जाऊन आला. हे ऐकल्यावर मात्र पाराला तो माणूस एकदम घरचा वाटला. “आकडं लई नीट मांडलं की आसंच व्हतं,” असं दोघातिघांनी एकाच वेळी म्हटलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण पुतण्यानं हात घातला दादाच्या वहीला.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू, पुतण्याचे वडील. त्यांची वही लाल पुठ्ठ्याची, बाजारची, गोठ्याच्या खुंटीला दोरीनं बांधलेली. कांद्याची एकही खेप तिच्यात नोंदवल्याशिवाय राहत नाही, असा त्यांचा दावा आहे आणि तो खराही आहे. फक्त नोंदी अशा असतात:

‘गुरुवार. गोळा ४२ पिशव्या. भाव बरा.’

‘पोळ्याच्या आधी. १८ पिशव्या, गोल्टी धरून. आडतदार बोलला नाही.’

‘मंचर. पाऊस. नेला तसा आणला.’

ग्नूप्लॉटची अट एकच आहे. एका ओळीत एका दिवसाची गोष्ट, आणि एका रकान्यात एकाच जातीचा माल. तारखेच्या रकान्यात तारीख, भावाच्या रकान्यात भाव. जगातली कुठलीही गोष्ट मग ते निमूटपणे काढून देतं. आणि नेमकी हीच अट आमच्या घराण्यात कुणी कधी पाळलेली नाही. आमच्याकडे भाव विचारला की आधी पाऊस सांगतात.

“अण्णा, ‘भाव बरा’ म्हणजे किती?”

“बरा म्हंजी बरा.”

“आकडा सांगा ना. दहा किलोला किती?”

“त्या दिशी येताना कळंबला थांबून भेळ घेतली व्हती. तुला आठवत न्हाय का?”

पुतण्या काही वेळ गप्प बसला. मग वहीतल्या ज्या दिवशी भावही लिहिलाय आणि भेळही आलीय असे सगळे दिवस त्यानं आजीच्या, म्हणजे आमच्या आईच्या, मदतीनं शोधून काढले, आणि एक शास्त्रीय सत्य हाती लागलं: दहा किलोला एकशे ऐंशीच्या खाली दादांनी आयुष्यात कधी भेळ आणलेली नाही. त्या हिशोबानं ‘बरा’ म्हणजे किमान एकशे ऐंशी. खोडदच्या शास्त्रज्ञांनाही सरळ मोजता न येणाऱ्या गोष्टी अशाच आडून मोजाव्या लागतात, असं तो मला म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला. दादांना वाटला नाही. त्यांच्या मते हे घरातल्या घरात लावलेलं इन्कम टॅक्सचं पथक होतं.

मग आली आकड्यांची जात. दादांचे आकडे मराठी वळणाचे, आणि ग्नूप्लॉटला मराठी आकडा आकडाच वाटत नाही, नक्षी वाटते. ते सगळे इंग्रजीत टंकावे लागले. मग स्वल्पविराम. वर्षाचा ऊस सव्वा लाखाचा, वहीत लिहिलेला १,२५,०००. स्वल्पविरामावर रकाना तोडायचा असं प्रोग्रॅमला सांगून ठेवलेलं, त्यामुळे त्यानं त्या सव्वा लाखाच्या तीन वाटण्या केल्या: एका रकान्यात १, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात नुसती शून्यं. आमच्या घरात वाटण्या झाल्या तेव्हा तलाठ्याला सहा महिने लागले होते.

एक्सेल का नाही वापरत, असं मी विचारून पाहिलं. तो म्हणाला, एक्सेल शहाणपणा करतं. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव १०-१२ लिहिला की ते परस्पर दहा डिसेंबर करून टाकतं. आणि हे माझ्या पुतण्याचं गाऱ्हाणं नाही फक्त. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसत होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, तेव्हा २०२० साली शास्त्रज्ञांनी अखेर जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा बदललं नाही. ग्नूप्लॉट तसं नाही, त्याला काही कळत नाही आणि कळतं असा आवही ते आणत नाही.

तारखेचा घोळ तर सांगायलाच नको. ‘पोळ्याच्या आधी’ ही तारीख महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी चालली असती, आमच्याकडे नाही, कारण या पट्ट्यात काही गावं श्रावणी पोळा करतात आणि काही भाद्रपदी. म्हणजे महिन्याचा फरक. त्यात २०२३ साली अधिक श्रावण आला. ग्नूप्लॉटला तारीख दिवस-महिना-साल अशी येणार की साल-महिना-दिवस अशी, हे आधी बजावून ठेवावं लागतं. ‘सासरवाडीच्या पोळ्याच्या आदल्या गुरुवारी’ हा प्रकार त्याच्या कोष्टकात नाही. आजी मधे होती म्हणून निभावलं. तिच्याकडे प्रत्येक गुरुवारी कुणाच्या घरी काय शिजलं होतं याची नोंद आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला ‘नेला तसा आणला’ या ओळीवर. पुतण्या म्हणाला, भाव शून्य टाकू. दादा उसळले. “शून्य कसा? भाव व्हता की. मला पटला न्हाय.” मग लिहायचं काय? ग्नूप्लॉटमध्ये त्याचीही तोड आहे: आकडा नसेल तिथं एखादी खूण, समजा प्रश्नचिन्ह, टाकायची आणि ही खूण म्हणजे आकडा हरवलाय असं त्याला सांगायचं. दादांनी यालाही हरकत घेतली. आकडा हरवलेला नव्हता, त्यांनीच तो बाजार समितीच्या फाटकात सोडून दिला होता. पण शेवटी प्रश्नचिन्ह राहिलं. उरलेल्या शेऱ्यांसाठी, म्हणजे पाऊस, आडतदाराचं मौन, गाडीचा पाटा तुटला वगैरे, पुतण्यानं एक चांगली सोय दाखवली. ओळीच्या आरंभी # हे चिन्ह टाकलं की ती ओळ फाइलमध्ये राहते, माणसांना वाचता येते, आणि प्रोग्रॅम तिच्याकडे बघतही नाही. दादांना हे चिन्ह मनापासून आवडलं. जन्मभर सोसायटीच्या कचेरीत त्यांनी जे सांगितलं ते याच चिन्हामागे राहिलेलं आहे, असं ते म्हणाले.

आणि एका संध्याकाळी रेघ निघाली. कांद्याच्या भावाची, तीन वर्षांची. घरातले सगळे लॅपटॉपभोवती. २०२३ च्या उन्हाळ्यात रेघ जमिनीला चिकटलेली. पावसाळ्यात डोकं वर काढलेलं. ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आलं तिथं जराशी कचरलेली, मग पुन्हा चढलेली. आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली तिथं डिंभ्याच्या भिंतीवरून खाली पाहिल्यासारखी. पुतण्यानं तिथं बाण काढला. ग्नूप्लॉटला ‘सेट अ‍ॅरो’ म्हटलं की ते बाण काढून देतं. दादा त्या बाणाकडे बघून म्हणाले, “ह्यो आम्हाला त्याच दिशी लागला व्हता.”

रेघ फारच दातेरी दिसत होती म्हणून पुतण्यानं ‘स्मूद बेझिए’ असं काहीतरी केलं. मोटारींचे बाक काढणाऱ्या बेझिए नावाच्या फ्रेंच इंजिनिअरच्या नावानं हे वळण ओळखलं जातं. क्षणात सगळे दात गेले आणि एक सुरेख टेकडी उभी राहिली. ही रेघ पहिल्या बिंदूला शिवते, शेवटच्या बिंदूला शिवते, मधल्यांना लांबूनच रामराम करते. लग्न जमवणारे मध्यस्थ स्थळाची माहिती सांगतात ती याच पद्धतीनं. आईला ही रेघ फार पसंत पडली. “हीच ठेव,” ती म्हणाली, “पाव्हणे आले तर दाखवायला बरी.”

मग त्यानं बिंदूंमधून एक सरळ रेघ बसवली. याला ‘फिट’ म्हणतात. शक्य तितक्या बिंदूंना कमीत कमी नाराज करणारी रेघ ते हिशोबानं शोधतं, आणि एकूण किती नाराजी उरली ते ‘फिट डॉट लॉग’ नावाच्या फाइलमध्ये मुकाट्यानं लिहून ठेवतं. तीन वर्षांच्या पडत्या शेवटाला बसवलेली ती रेघ पुढे वाढवली, तर पुढच्या पाडव्याला कांद्याचा भाव शून्याच्या खाली गेला. पुतण्या हसला, म्हणाला, असं होत नसतं, रेघ आंधळेपणानं लांबवली की असले विनोद होतात. हसला तो एकटाच. हमाली, तोलाई, भाडं धरलं तर भाव शून्याखाली जातो हे घरात त्याच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला होता, ही बातमी तो पुण्याला सेमिस्टरचा अभ्यास करत असताना आली होती.

दुधाची रेघ त्या मानानं सज्जन निघाली. फॅट वर-खाली, वर-खाली, करवतीसारखं. डेअरीवाला आकडे फिरवतो असा दादांचा जुना संशय. पण करवत इतकी नेमानं चालली होती, की पुतण्यानं शोधून काढलं: सकाळचं फॅट कमी, संध्याकाळचं जास्त. रात्री दोन धारांमधलं अंतर लांब, दूध जास्त, फॅट विरळ. म्हणजे गाय फिरवत होती. साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफला ठरलेला दर गाईला कुणी सांगितला नसावा. संशय मिटला आणि दादा दोन दिवस उदास होते. डेअरीपुढच्या रांगेत बोलायला विषय उरला नाही.

वाट्यानं दिलेल्या बटाट्याच्या हिशोबात मात्र ग्नूप्लॉटनं खरा रंग दाखवला. निम्मे आमचे, निम्मे वाटेकऱ्याचे. पुतण्यानं सूत्रात साधं १/२ लिहिलं, आणि आमच्या वाट्याची रेघ शून्यावर आडवी झाली. ग्नूप्लॉटमध्ये पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच; अर्ध्याचा पूर्णांक शून्य. दशांशचिन्ह देऊन १.०/२ लिहिलं की मग अर्धं मिळतं. वाटेकरी शेजारीच बसला होता. त्यानं ते दशांशचिन्ह काढायला लावून पुन्हा एकदा चालवून पाहिलं, आणि समाधानानं मान हलवली.

या सगळ्याचा बोभाटा झाल्यावर पोरं घाटाचे आकडे घेऊन आली. घाट म्हणजे बैलगाड्यांचा. हा विषय आमच्या आंबेगाव-जुन्नरमध्ये शेतीच्या वर आणि देवाच्या किंचित खाली येतो. यात्रेत भंडारा उधळतो, भोंग्यावरून ‘भिर्रर्र’ होते, आणि बारा-तेरा सेकंदांत बारी संपते. मग त्या सेकंदांवर वर्षभर बोलायचं. पोरांकडे वेगवेगळ्या यात्रांतल्या वेळा होत्या, शतांश सेकंदापर्यंत, आणि नवल म्हणजे व्यवस्थित रकान्यांत. डेअरीची पावती हरवते, सातबारा हरवतो, पण घाटाचा सेकंद या तालुक्यात कधी हरवत नाही.

अडचण निघाली रिकाम्या ओळीची. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी दिली. मे २०२३ मध्ये घटनापीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधली सात वर्षं फाइलमध्ये कशी दाखवायची? ग्नूप्लॉटमध्ये एक रिकामी ओळ सोडली तर रेघ तिथं तुटते आणि पुढे चालू होते. दोन रिकाम्या ओळी सोडल्या तर मागचा एक संच, पुढचा दुसरा, दोघांचा संबंध संपला. एक सोडायची की दोन, यावर आमच्या ओट्यावर रात्री अकरापर्यंत दोन पार्ट्या पडल्या. जुने गाडामालक म्हणत, एकच. घाट तोच, दावण तीच. नवे म्हणत, दोन; बंदीनंतरचे बैल वेगळे, खुराक वेगळा, बक्षिसाला ट्रॅक्टर आणि जीप, ही जुन्याशी तुलनाच नको. न्यायालयातसुद्धा इतक्या बारकाईनं युक्तिवाद झाला असेल की नाही, मला शंका आहे. शेवटी एक ओळ ठरली, कारण वीज गेली.

वीज आल्यावर आलेख निघाला, आणि आमच्या वाडीतला एक गाडामालक आनंदानं उभाच राहिला. सगळ्या बिंदूंच्या वर, एकटा, दिमाखात, त्याच्या गाड्याचा बिंदू होता. “आपला सगळ्यात वर!” त्यानं खिशातनं पाचशेची नोट काढून पुतण्याच्या हातावर ठेवली. पुतण्यानं भीत भीत सांगितलं, की उभा रकाना वेळेचा आहे, वर म्हणजे जास्त सेकंद, म्हणजे सगळ्यात हळू. नोट परत गेली. मग ‘रिव्हर्स’ असं काहीतरी टंकून त्यानं उभा अक्ष उलटा करून दाखवला, म्हणजे वेगवान वर जातील. आता तो बिंदू तळाला, खड्ड्यात पडलेल्या वासरासारखा एकटाच. मालकाचं म्हणणं पडलं, की तो दिवसच मोजायचा नाही. गाड्यापुढची घोडी बिचकली होती. पुतण्या म्हणाला, झालेली बारी काढता येत नाही. तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात बसलेले दादा पुढे झाले आणि त्या ओळीआधी एक # टाकला. बिंदू गेला. ओळ जागेवरच होती, बारी झालेली होती, खोटं कुणी बोललेलं नव्हतं.

त्या रात्रीनंतर पुतण्याच्या फाइली त्याच्या राहिल्या नाहीत. ज्यानं त्यानं येऊन आपापली ओळ झाकली. कुणाचा बैल आजारी होता, कुणाचा घड्याळवाला विरुद्ध पार्टीचा होता, एकाचा गाडा त्याच्या मते धावलाच नव्हता, नुसता उभा होता. पावसाच्या फाइलमध्ये आईनं अवकाळीचे दिवस झाकून घेतले; पावसाळा नसताना आलेला पाऊस पाऊस धरायचा नसतो, असं तिचं मत आहे. पुतण्या पुण्याला परत गेला, आणि लॅपटॉप दादांच्या ताब्यात आला.

परवा मी गेलो तेव्हा ते चष्मा लावून कांद्याची फाइल साफ करत बसले होते. भाव पडलेला दिवस दिसला की #. हमाली जास्त लागली की #. निर्यातबंदीचे सगळे महिने #. पावसानं बराखीत माल सडला ते आठवडे #. राहता राहिले भेळेचे दिवस, तर ते म्हणाले, तेव्हा भाव होता पण आपला कांदा संपलेला होता, ती शेजाऱ्याच्या गाडीची खेप होती. म्हणून त्यांच्यावरही #. मग पुतण्यानं कागदावर लिहून दिलेली ओळ एकेक बोटानं टंकून त्यांनी एंटर मारलं.

काळ्या खिडकीत इंग्रजीत एक ओळ उमटली. मला वाचायला सांगितली. फाइलमध्ये एकही ग्राह्य बिंदू नाही, सबब रेघ काढत नाही, अशा अर्थाचं काहीतरी होतं.

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि स्वतः एकदा त्या ओळीवरून बोट फिरवलं.

“आता कुठं ह्याला कांदा कळला,” ते म्हणाले, आणि रोपाला पाणी सोडायला गेले.